वरून न दिसणारं आंबोळे

मी कवळीसाठी बाळकू गुरवांच्या खालच्या जबड्याचं माप घेत होतो. तोंडातला मापाचा मसाला अजून घट्ट व्हायचा होता. तेवढ्यात त्यांनी माझा हात बाजूला सारला, तोंडातला साचा स्वतःच काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"ह्यो फोटू इमानातनं काढलाय का वं डाक्टर?"

फोटो कृष्णा-कोयनेच्या संगमाचा होता, मीच माझ्या ड्रोनने काढलेला. कऱ्हाडात माझा दातांचा दवाखाना आहे, आणि त्या वर्षांत रविवारी सकाळी ड्रोन उडवणं हा माझा एकमेव नाद होता. मी त्यांना तसं सांगितलं. मग ते यंत्र किती लांब जातं, डोंगर ओलांडतं का, त्यातून बारीक वस्तू दिसते का, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. माप पुन्हा घ्यावं लागणार होतं, त्याचं त्यांना काहीच नव्हतं.

"मग एक काम हाय," ते म्हणाले. "आमच्या आंबोळ्यावरनं एकदा फिरवून आणा."

आंबोळे नावाचं गाव आता नकाशावर दोन ठिकाणी सापडतं. एक नवं, कऱ्हाडपासून अर्ध्या तासावर, सपाटीला, उसाच्या शेतांमध्ये. दुसरं सह्याद्रीत वर, जिथं आता कुणी राहत नाही. तो भाग राष्ट्रीय उद्यानात गेला तेव्हा सरकारने सगळं गाव उठवून खाली आणून वसवलं. बाळकू गुरव तेव्हा ऐन उमेदीत होते. गावची देवी निनाई, तिची पूजा त्यांच्या घराकडे होती. वरच्या गावातही आणि पुढे खालच्या गावातही.

मी नाही म्हणालो, आणि का ते समजावून सांगितलं. ड्रोन उडवणारे आम्ही सात-आठ जण होतो आणि आमचे आमचे काही दंडक होते. कुणाच्या गच्चीवरून न्यायचं नाही, जत्रेच्या गर्दीवर न्यायचं नाही, घारीचं घरटं दिसलं की तिथूनच मागे फिरायचं. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांचा तर प्रश्नच नव्हता. आमच्यातल्या एकाने हौसेनं तिथल्या दरीचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला होता. चार दिवसांत वनखात्याची माणसं त्याच्या दारात उभी राहिली. ड्रोन जप्त झाला आणि तो अजून कोर्टाच्या तारखांना जात होता.

"आत कशाला जायाचं?" बाळकू म्हणाले. "आपण हद्दीच्या भाइर उभं ऱ्हायाचं. यंत्र जाईल."

मी म्हटलं, बंदी माझ्या पायांना नाही, यंत्रालाच आहे. आणि हद्दीबाहेरच्या पट्ट्यातही विचारल्याशिवाय चालत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तोंड उघडून म्हणाले, "घ्या माप."

पुढच्या खेपेला त्यांनी तोच विषय काढला. या वेळी विचारणं जास्त नेमकं होतं. निनाईच्या देवळावर आणलं तर छप्पर दिसेल का? छप्पर पडलं असलं तर आतलं दिसेल का? मी विचारलं, एवढी ओढ आहे तर स्वतः का जात नाही? तेव्हा कळलं की गाव उठल्यापासून तिकडं कुणी गेलेलंच नव्हतं. बाळकूंनी देवी बरोबर आणली होती, मग जाणार कुणासाठी? पण यंदा गावातल्या तरुणांनी मनावर घेतलं होतं. चैत्रातल्या यात्रेदिवशी मूळ गावी एक दिवस जाऊन यायची परवानगी त्यांनी वनखात्याकडून मिळवली होती.

"मग त्यांच्याबरोबर जा की," मी म्हटलं.

"त्याच्या आदी बगायचंय मला."

"का?"

ते तोंड उघडून खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं, म्हातारपणी माणसाचं मन जुन्या घरादाराकडे धावतं, तसं असेल. चार लोकांसमोर डोळ्यांत पाणी यायला नको म्हणून आधी एकट्याने बघून घ्यायचं असेल. माझे वडील तसे होते.

म्हणून मी त्यांना एका शनिवारी वनखात्याच्या कचेरीत घेऊन गेलो. प्रणिता तोडकर नावाच्या वनक्षेत्रपाल तिथं नव्याने आल्या होत्या. वय तिशीच्या आसपास, बोलणं शांत. त्यांनी आमचं पुरतं ऐकलं. म्हणाल्या, ड्रोनसाठी नागपूरच्या मुख्य कचेरीतून लेखी परवानगी लागते, आणि ती वणव्यासाठी किंवा प्राण्यांच्या मोजणीसाठी मिळते. एका माणसाला देऊळ बघायचंय म्हणून मिळेल असं त्यांना वाटत नव्हतं. मग त्यांनी टेबलावरचा संगणक आमच्याकडे वळवला. खात्याने मागे केलेल्या पाहणीतलं आंबोळ्याचं चित्र त्यात होतं, वरून काढलेलं. शेतं होती तिथं पिवळट गवताचं मोठं कुरण पसरलेलं, आणि एका कडेला हिरवागार, जवळजवळ काळा दिसणारा ठिपका.

"ही तुमची देवराई. देऊळ हिच्या आत आहे ना?" त्या म्हणाल्या. "वरून कितीही फिरवलं तरी झाडांचे शेंडेच दिसतील, आजोबा."

बाळकूंनी चेहरा पडद्याला टेकेल इतका जवळ नेला.

"आत काय हाय?"

"मी अजून आत गेले नाही. आमचे वॉचर जातात गस्तीला."

यात्रेच्या अटी मॅडमनी सांगितल्या: स्पीकर नको, प्लास्टिक नको, घोळका सोडून भटकायचं नाही, आणि ड्रोन आणायचा नाही. म्हाताऱ्या माणसांना कुरणापर्यंत खात्याच्या जीपने नेऊ म्हणाल्या. परतताना घाटाच्या पायथ्याशी बाळकू म्हणाले की यात्रेला मी त्यांच्यासोबत यावं. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, मला नाही म्हणवलं नाही. वयस्कर माणसांबरोबर एक डॉक्टर बरा, दातांचा का असेना, म्हणून मॅडमनी माझंही नाव मंजूर केलं.

यात्रेदिवशी आम्ही सकाळी कुरणावर उतरलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. लोक गाड्यांतून उतरले. मग एकेक जण गवतातून वाट काढायला लागला. घरांची जोती अजून होती. एका बाईला तिच्या परसातलं फणसाचं झाड सापडलं. एकजण एका चौकोनी दगडावर बसून राहिला, तो त्याच्या दारातला उंबरा होता. सोनबा झोरे नावाचा वॉचर आमच्याबरोबर होता. कुरणाच्या पलीकडच्या टोकाला गव्यांचा कळप चरत होता, त्यात दोन-तीन माद्या लहान वासरं घेऊन होत्या. हळू बोला आणि एकत्र राहा, एवढंच तो सगळ्यांना सांगत फिरत होता.

बाळकू एका जोत्यावर बसले होते. देवराई समोरच होती, पण ते तिकडं बघत नव्हते. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली वहिनी हौसाबाई होती. वय ऐंशीच्या पुढं, पदराखाली नैवेद्याचं गाठोडं धरलेलं.

विक्रांत बाळकूंच्या पुतण्याचा मुलगा. नव्या गावात लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा. यात्रेची परवानगी मिळवण्यात सगळ्यात जास्त हेलपाटे त्यानेच घातले होते. त्याने पाठीवरची सॅक उतरवली, वरचे कपडे बाजूला काढले आणि खालून ड्रोन बाहेर काढला.

सोनबाने लगेच हरकत घेतली. विक्रांत म्हणाला, पाचच मिनिटं. खाली नवं देऊळ बांधायचं ठरलंय, त्याच्या वर्गणीसाठी फिल्म करायची आहे. देवी उठली ती जागा, तिथून गाव हलवणाऱ्या ट्रकपर्यंतची वाट, सगळं वरून दाखवायचं आहे. तो बोलता बोलता पाती उघडत होता.

मी जवळ गेलो. त्याची-माझी ओळख होती, बॅटरी घ्यायला तो एक-दोनदा आमच्या मंडळींकडे आला होता. गव्यांकडे बोट दाखवून मी म्हटलं, माद्यांजवळ वासरं आहेत. डोक्यावर हा आवाज आला तर कळप उधळेल, आणि कुठल्या अंगाला पळेल ते कुणी सांगू शकत नाही. गवतात आपली म्हातारी माणसं बसली आहेत.

"मी त्यांच्यावरनं नेतच नाही, डॉक्टर."

"नियम तसा नाहीये, विक्रांत. तुलाही ठाऊक आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हौस म्हणून उडवता. नाही उडवलं तर तुमचं काय जातंय? हे माझं गाव आहे. माझ्या बापजाद्यांच्या गावावर उडवायला मी नागपूरला विचारू?"

नियम बरोबर होता आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

एव्हाना तोडकर मॅडम आल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या की ड्रोन वर गेला तर त्यांना सगळ्यांना इथूनच परत न्यावं लागेल, देवराईत न जाता. आणि पुढच्या वर्षी परवानगी देणाऱ्यासमोर हे सगळं लिहिलेलं असेल. लोकांत दोन तट पडले. काही विक्रांतला गुमान आत ठेव म्हणायला लागले. काहींचं म्हणणं होतं की एवढी वर्षं सरकारचं ऐकलं, आता पाच मिनिटं त्यांनी आपलं ऐकावं. त्या गलक्यात विक्रांतने बटण दाबलं. ड्रोन अजून गवतातल्या फरशीवर होता, पण पाती फिरायला लागली. पलीकडे गव्यांनी माना वर केल्या. एक मोठी मादी दोन पावलं पुढं येऊन वासराच्या आणि आमच्या मध्ये उभी राहिली.

तेव्हा बाळकू उठले. गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू चालत ते विक्रांतपाशी आले.

"इक्रांत, बंद कर. ती जागा रिकामी न्हाई."

त्याला कळलं नाही. मलाही नाही.

"कुठली जागा, आजोबा?"

"तू दाखवाय निगालास ती. देवी उठलीच न्हाई. हितंच हाय."

विक्रांतचा अंगठा बटणावर तसाच राहिला आणि मग पाती थांबली. गवे बराच वेळ तसेच उभे होते. बाळकूंनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आवाज बारीक होता, पुढची माणसं मागच्यांना सांगत होती.

निनाईची मूर्ती नव्हती, तांदळा होता. जमिनीतून वर आलेला बिनघडीव दगड, शेंदराने माखलेला. गाव उठायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे बाळकू एकटे पहार घेऊन देवराईत गेले. देवी उठवताना दुसऱ्या कुणी बघायचं नव्हतं. बाहेर ट्रक उभे होते, पोलीस होते, पावसाचे ढग भरून आलेले. आणि अर्धं गाव जमिनीवर बसून होतं. देवी निघाल्याशिवाय आम्ही ट्रकात चढणार नाही, असं त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, मग उचलून चढवू.

"म्या खणत गेलो," बाळकू म्हणाले. "जितकं खणावं तितकी ती खाली. कातळातच हुती. फोडल्याबिगर निगाली नसती. फोडू कशी?"

मग ते देवराईच्या मागच्या अंगाने नदीवर उतरले. तेवढ्याच आकाराचा एक गोटा उचलला, त्याला शेंदूर फासला, हिरव्या खणात गुंडाळला आणि डोक्यावर घेऊन बाहेर आले. गाव उठलं. बायका रडत का होईना, आपल्या पायांनी ट्रकात चढल्या. कुणाच्या अंगाला हात लागला नाही.

"पडझडीत ती गाडली गेली असंल तर गप बसावं, आसं मनात हुतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "त्यापायीच तुमच्या मागं लागलो हुतो, डाक्टर. तुमी आयकलं न्हाई, त्ये बरं झालं."

मॅडमनी सोनबाला खूण केली आणि तो पुढं निघाला. आम्ही चपला काढून त्याच्यामागे देवराईत शिरलो.

आत एकदम गारवा होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना काही क्षण काहीच दिसेना. देवळाचं छप्पर कधीच खाली आलं होतं, त्याची लाकडं कुजून माती झाली होती. तीन भिंती कमरेइतक्या उरल्या होत्या. मधोमध तांदळा होता. त्याच्याभोवती पानांचा खच पडला होता, पण समोरची हातभर जागा झाडून स्वच्छ केलेली. दगडावरचा शेंदूर ओला वाटावा इतका ताजा होता आणि पुढं रानातली पांढरी फुलं वाहिलेली.

बाळकू जागीच थांबले. "ह्ये कुणी केलं?"

सोनबा जरा ओशाळला. गस्तीला निघताना आम्ही इथं थांबतो, म्हणाला. त्याच्या आधी जो वॉचर होता त्याने त्याला सांगितलं होतं, की इथं हात जोडल्याशिवाय पुढच्या रानात जायचं नाही. त्याला आणखी आधीच्याने सांगितलं होतं. शेंदूर ते आपसात आणून ठेवतात. देवीचं नाव काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आमी नुसतं आई म्हणतो."

"निनाई," बाळकू म्हणाले.

सोनबाने ते नाव स्वतःशी एकदा म्हणून बघितलं.

बाळकूंनी तांदळ्यापुढं डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी नाडी बघायला पुढं झालो, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. मागे लोक दाटीवाटीने उभे होते. कुणी हात जोडले होते, कुणी नुसतंच बघत होतं. विक्रांत सगळ्यात पुढं होता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मग खाली आपण कुणाला पुजतोय?" त्याने विचारलं. "माझ्या लग्नाचा विडा कुणापुढं ठेवला? नदीतल्या धोंड्यापुढं?"

पाठीमागून एकजण म्हणाला की त्याने पोरगी वाचावी म्हणून पाच वर्षं अनवाणी वाऱ्या केल्या, त्या कुणाला पोचल्या? दुसरा म्हणाला, नवं देऊळ आता कशाला बांधायचं? खालच्या दगडाला नदीतच नेऊन सोडू. बोलणं वाढत चाललं. बाळकूंच्या अंगावर कुणी धावून जाईल की काय, असं मला वाटायला लागलं आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मॅडमही जवळ आल्या, पण त्या काही बोलल्या नाहीत. हे बोलणं त्यांच्या अखत्यारीतलं नव्हतं.

हौसाबाई गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. दिराकडे त्यांनी बघितलंही नाही. तांदळ्यासमोर बसल्या, गाठोडं सोडलं. आत पुरणपोळ्या होत्या. त्यातल्या निम्म्या त्यांनी पानावर वाढून देवीपुढं ठेवल्या, पाणी फिरवलं, आणि उरलेल्या पुन्हा फडक्यात बांधायला लागल्या.

"आज्जी, त्या कुणासाठी?" विक्रांतने विचारलं.

"घरच्या आईला."

"अगं, पण ती..."

"आयकलं म्या. भैरी न्हाई." त्यांनी गाठ आवळली. "ही हितं रानाच्या हातचं जेवली. ती आपल्या हातचं जेवली, इतकी वर्सं. पोरं तिच्याफुडं ठिवली, मढी तिच्याफुडनं नेली. आता तिला परकी म्हनू व्हय मी?"

मागचा एकजण पुढं आला आणि त्याने आपला नारळ तांदळ्यापुढं ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला. एकाने मात्र हातातला नारळ तसाच परत नेला, तो मी बघितला.

पुढे गावात सगळं गोड झालं असं नाही. वर्ष-दोन वर्षं काही घरांनी बाळकूंना पूजेला बोलावलं नाही. एका भावकीने वर्गणी परत मागितली. पण खालचा दगड कुणी हलवला नाही, आणि नवं देऊळ उशिराने का होईना, बांधून झालं. बाळकू त्यानंतर चार वर्षं होते. विक्रांत आमच्या मंडळींत आला आणि सगळ्यांत काटेकोर तोच निघाला. कुरणातल्या गवताच्या पाहणीसाठी खात्याने पुढं एकदा रीतसर ड्रोन उडवला, तेव्हा मॅडमनी मदतीला त्याला बोलावलं होतं. काय दिसलं विचारल्यावर म्हणाला, गवत दिसलं, गवे दिसले, देवराईचे शेंडे दिसले.

त्या दिवशी परतताना जीपमध्ये तो माझ्यासमोर बसला होता, सॅक मांडीवर घेऊन. बाळकू शेजारी डोळे मिटून होते. घाटाच्या पहिल्या वळणावर गाडी हेलकावली तशी हौसाबाईंनी पदराखालून गाठोडं काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"धर. माझा हात थरथरतोय. चेंगरू देऊ नगंस."

त्याने काही क्षण त्या गाठोड्याकडे बघितलं. मग ड्रोनची सॅक उचलून पायांशी ठेवली, दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं, आणि नवं आंबोळे येईपर्यंत ते मांडीवर तसंच धरून बसला.